सप्टेंबरात धनुष्यानं एल्क : बुल ७० यार्डांवर येऊन परत का जातो?

सातारकर (फोर्ट कॉलिन्स)

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत धनुष्यानं एल्कची (इथलं सांबरासारखं मोठं हरीण) शिकार करणारं इथं कुणी असेल तर मदत हवी आहे. सलग तिसरा सप्टेंबर रिकामा गेला.

मी मूळचा साताऱ्याचा. कंपाउंड धनुष्य (टोकांना कप्प्या असलेलं) कॉलेजात असताना तिथंच हातात आलं. पन्नास मीटरवर लावलेला कागद, एवढंच माझं जग होतं. २०२३ साली बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे, दोघंही आमच्या साताऱ्यात सराव करून गेलेले, एकाच दिवशी कंपाउंडचे जगज्जेते झाले तेव्हा मी इथं एकट्यानंच घरभर नाचलो होतो. सांगायचं कारण एवढंच की नेम ही माझी अडचण नसावी. ५० यार्डांवर माझे बाण बशीएवढ्या जागेत बसतात. धनुष्य ६५ पौंडांचं आहे, म्हणजे ताणायला तेवढा जोर लागतो.

यंदा काय झालं ते सांगतो. रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्ट, उंची साधारण ९,८०० फूट, १८ सप्टेंबर. सकाळी पावणेनऊला वरच्या स्प्रूसच्या दाट झाडीतून बुलनं, म्हणजे नर एल्कनं, साद दिली. मी खालच्या कुरणाच्या कडेला आडव्या पडलेल्या ओंडक्यामागं बसून मादीचा आवाज काढत होतो. वीस मिनिटं तो उत्तरं देत देत खाली आला आणि समोरच्या झाडीच्या कडेला थांबला. रेंजफाइंडरवर ७० यार्ड. शिंगांची टोकं तेवढी दिसत होती. तीन-चार मिनिटं तो तसाच उभा राहिला आणि वळून गेला. दोन दिवसांनी त्याच कुरणात पुन्हा हेच. २४ तारखेला दुसऱ्या एका ओहळात एक बुल चक्क ३५ यार्डांवर आला. मी धनुष्य ताणलं आणि तो उधळला.

आता वाटतंय की ७५ पौंडांचं धनुष्य घ्यावं आणि ७० यार्डांचा सराव करावा. तसा सप्टेंबरात धनुष्यवाल्यांपैकी जेमतेम दहातल्या एकाला एल्क मिळतो म्हणतात. त्या दहातल्या एकानं नेमकं काय वेगळं केलेलं असतं?

देवदार (ग्रँड जंक्शन)

धनुष्य बदलू नकोस. ७० यार्ड म्हणजे २१० फूट. सेकंदाला २७० फुटांनी जाणाऱ्या बाणाला तिथं पोचायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतं. तेवढ्यात बुलनं एक पाऊल टाकलं तर फुप्फुसासाठी सोडलेला बाण पोटात शिरतो. कागद पाऊल टाकत नाही.

माझा अनुभव असा की माणसं रस्ता सोडत नाहीत. ट्रक उभा केल्यापासून दोन-तीन मैल आत गेलास की बुल मादीच्या आवाजाला इतका बिचकत नाही, कारण तिथं त्याला कुणी महिनाभर फसवलेलं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन लोळणी, म्हणजे बुल चिखलात लोळतात त्या जागा, शोधून ठेव. चिखल ताजा ढवळलेला आणि भोवतीच्या खोडांना छातीइतक्या उंचीवर चिखल घासलेला दिसला की जागा चालू आहे असं समज.

चंद्रपूरची लेक (गनिसन)

सातारकर, आधी तीन गोष्टी सांगा. पावणेनऊला वारा कुठून कुठं होता? ऊन उतारावर आलं होतं का? आणि बुल जिथं थांबला तिथून त्याला कुरण किती दिसत होतं?

सातारकर (फोर्ट कॉलिन्स)

ताई, पहाटे चढताना वारा तोंडावर होता. बसल्यावर पुन्हा पाहिला नाही. ऊन नुकतंच उतारावर आलेलं. आणि तो थांबला तिथून त्याला अख्खं कुरण दिसत असणार, मध्ये काहीच नव्हतं. तिसऱ्या वेळी मी एका मोठ्या स्प्रूसच्या मागं होतो, ताणण्यासाठी बाजूला व्हावं लागलं.

चंद्रपूरची लेक (गनिसन)

मग तुमचं उत्तर तुमच्याच या चार ओळींत आहे, भाऊ.

कुरणाचं आधी सांगते. मादीचा आवाज कुठून आला ते बुलला बरोबर कळतं, अगदी झाडासकट कळतं म्हणा. तो येतो ती मादी डोळ्यांनी बघायला. ती जागा जिथून पहिल्यांदा नजरेला पडते तिथं तो थांबतो. मादी दिसली नाही की त्याच्या दृष्टीनं विषय संपला. मोकळ्या कुरणाच्या कडेला बसून तुम्ही त्याची थांबायची जागा स्वतःच ७० यार्डांवर नेऊन ठेवली. तुम्हाला लांबवर दिसावं म्हणून तुम्ही तिथं बसला असाल, पण तेवढंच लांबवर त्यालाही दिसतं. उंचवट्याच्या पलीकडे बसा, वाटेच्या वळणावर बसा, फरची कोवळी दाटी असेल तिथं बसा. पंचवीस-तीस यार्डांपलीकडचं काही दिसत नाही म्हणून मन खट्टू होईल, होऊ द्या. त्याला मादी बघायची असेल तर त्या पंचवीस यार्डांच्या आत यावंच लागेल.

एकटे असाल तर आवाज काढला त्या जागी थांबू नका. आवाज द्या आणि लगेच पंचवीस-तीस पावलं पुढं सरका, तीही वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडच्या अंगानं. बुल सरळ क्वचितच येतो. तो वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि नाकानं खात्री करून घेतो. तुम्ही त्याच्या त्या वळशाच्या वाटेवर हवेत. आम्ही दोघं जातो तेव्हा नवरा माझ्या मागं पन्नास-साठ यार्डांवर बसून आवाज काढतो, फांदी मोडतो, दगड घरंगळवतो. बुलचं सगळं लक्ष त्याच्याकडे असतं आणि मी मध्ये असते.

आता वारा. माझे बाबा वनखात्यात वनरक्षक होते. शिकार आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं बंदच, पण जनावराजवळ कसं जायचं हे मला जे येतं ते त्यांच्याकडूनच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेला त्यांनी एकदा मला मचाणावर नेलं. दुपारीच माझ्या डोक्याचं खोबरेल धुवायला लावलं होतं. चढण्याआधी त्यांनी चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडली, ती कुठं जाते ते पाहिलं आणि म्हणाले, आज सांबर नाल्याच्या बाजूनं येणार नाही. खरंच आलं नाही. अंधार पडल्यावर नाल्यातून फक्त 'ढाँक' ऐकू आली. त्याला आमचा वास लागला होता.

मी इथं टाल्कम पावडरची छोटी बाटली छातीच्या पट्ट्याला बांधते आणि दर पाच मिनिटांनी दाबते. डोंगरातला वारा म्हणजे निम्मं हवेचं तापणं आणि निवणं. रात्री गार झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते आणि पहाटेही वाहत असते. म्हणून पहाटे तुम्ही एल्कच्या खाली असलात तर तुमचा वास त्यांच्यापासून दूर जातो. तुम्ही चढताना तोंडावर लागलेला वारा तोच. पण ऊन उतारावर आलं की हवा तापून वर चढायला लागते. पावणेनऊ, नऊ, साडेनऊ, उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर वेळ ठरते. मधली काही मिनिटं तर ती गोल गोल फिरते. तुमचा बुल वरून खाली येत होता, तुम्ही खाली बसला होता आणि तेवढ्यात हवा उलटली. कुरणात मादी न दिसल्यामुळं तो थांबला आणि त्या तीन-चार मिनिटांत तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचला, मला तरी असंच दिसतं.

त्या वेळी काय करायचं? ऊन उताराला लागायच्या आतच निघायचं. आडव्या बाजूनं लांबचा वळसा घालून एल्कच्या वरच्या अंगाला जायचं आणि दुपारभर वरच राहायचं. ते उत्तरेकडच्या उतारावर गारव्यात बसलेले असतात. वारा फिरतोय असं वाटलं तर बुल कितीही ओरडत असला तरी मी मागं सरकते. तो उद्याही त्याच डोंगरावर असतो, पण एकदा माणसाचा वास लागला तर सगळा कळपच खोरं सोडतो.

तुमचा ३५ यार्डांचा बुल गेला तो तुम्ही झाडाच्या मागं होता म्हणून. झाडाच्या पुढं बसायचं, पाठ खोडाला लावून. खोड आणि फांद्या पाठीशी असल्या की माणसाचा आकार त्यांत विरतो आणि दोन्ही बाजूंना मोकळं राहतं. ताणायचं ते त्याचे डोळे झाडाआड गेले की. तुमचं ६५ पौंडांचं धनुष्य ऐंशी टक्के लेट-ऑफचं (पूर्ण ताणल्यावर तेवढा भार कमी होणारं) असेल तर पूर्ण ताणल्यावर हातावर फक्त १३ पौंड राहतात. तेवढे मिनिटभर धरून ठेवता यायला हवेत. घरी रोज साठ बाण मारण्यापेक्षा एकच मारा : पाठीवर सॅक, जिना दोनदा चढून, गुडघ्यावर बसून, ताणून मिनिटभर थांबून, ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) लावून. डोंगरात तुम्हाला पहिलाच बाण मिळतो, सरावाचा मिळत नाही.

तो जवळ येतो तेव्हाचं सांगायचं तर आधी वास येतो. कुबट, उग्र, मुताड, बंद गोठ्यासारखा. मग ॲस्पेनच्या खोडावर शिंगं घासल्याचा कोरडा आवाज. तीनशे किलोंचं जनावर, पण पाऊल ऐकू येत नाही. साद देतो तेव्हा आधी खालचा घोगरा सूर, मग ती उंच शीळ आणि शेवटी दोन-तीन हुंकार. तो हुंकार तीस यार्डांवरून माझ्या फासळ्यांत जाणवतो. अशा वेळी शिंगांकडे बघू नका. पुढच्या पायामागची, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातली एक बट निवडा आणि तीच बघत राहा. तो पूर्ण आडवा हवा किंवा थोडा पाठमोरा. समोरून छातीवर मी मारत नाही. माझी हद्द ४० यार्ड, आणि वारा असेल तर ३०.

आणि एक गोष्ट, जी सांगताना अजून त्रास होतो. माझ्या तिसऱ्या सीझनला बाण थोडा मागं बसला. बाणाला हिरवट, दुर्गंधीचं रक्त होतं. पोटाचं रक्त म्हणजे आठ-दहा तास जागचं हलायचं नाही, हे मला माहीत होतं. पण ढग आले होते, पावसानं माग धुऊन जाईल या भीतीनं मी वीस मिनिटांत निघाले. तो दोनशे यार्डांवर बसलेला होता. मला बघून उठला आणि गेला. आम्ही दोन दिवस हातापायांवर रांगत तो डोंगर शोधला. सापडला नाही. त्या वर्षी मी पुन्हा धनुष्य उचललं नाही, माझा टॅग (एका एल्कचा परवाना) त्याच्यावर खर्च झाला असं मानलं. आता बाण सुटला की घड्याळ लावते. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, तरी अर्धा तास. गडद तांबडं म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट असेल तर माझ्याकडून पुन्हा ती चूक होणार नाही.

बोझमनवासी (मोंटाना)

ताईंनी वाऱ्याचं सांगितलंय ते प्रिंट काढून सॅकमध्ये ठेवा.

देवदार यांच्या दोन-तीन मैलांबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. आत किती जायचं ते पायांनी ठरवू नका, मांसानं ठरवा. मोठ्या बुलचं हाडं काढलेलं मांस नव्वद किलोंच्या आसपास भरतं. एकट्या माणसाच्या तीन-चार फेऱ्या, म्हणजे तीन मैल आत असाल तर एकूण वीसएक मैलांची चाल, निम्मी पाठीवर ओझं घेऊन. सप्टेंबरात दुपारी चांगलंच ऊन असतं. कातडं लगेच काढा, कारण मागच्या फऱ्यात हाडाजवळ उष्णता कोंडते आणि तिथलं मांस सगळ्यात आधी आंबतं. सुती पिशव्यांत घालून सावलीत, ओढ्याकाठच्या गारव्यात टांगा. चारही पाय, पाठीचे दोन्ही पट्टे आणि आतले मऊ तुकडे, हे सगळं आणणं तुमच्याकडे कायद्यानंच बंधनकारक आहे. तसं नसतं तरी एवढ्या मोठ्या जीवाचं मांस मागं टाकून येणं मला जमलं नसतं.

आमच्याकडे ग्रिझ्ली आहेत. मादीचा आवाज काढला की कधी बुलऐवजी अस्वल येतं. तुमच्याकडे काळी अस्वलं आहेत, तरी उरलेलं मांस न्यायला परत जाताना लांबूनच मोठ्यानं बोलत जा.

सातारकर (फोर्ट कॉलिन्स)

सगळ्यांचे मनापासून आभार. धनुष्य घेत नाही.

ताई, तुमचं वाचून रविवारी हॉर्सटूथच्या टेकडीवर गेलो, फक्त पावडरची बाटली घेऊन. पूर्वेकडच्या उतारावर दोन वाजता बसलो आणि दर दहा मिनिटांनी बाटली दाबून वहीत बाण काढत गेलो. साडेतीनपर्यंत सगळे बाण वर. मग सूर्य कड्यामागं गेला आणि उतारावर सावली आली. तीन चाळीसला पूड जागेवरच तरंगत राहिली, कुठंच जाईना. तीन पन्नासला माझ्या गुडघ्यांवरून खाली, थेट तळ्याकडे निघाली. सूर्यास्ताला अजून तासभर होता. मी आजवर संध्याकाळी वरच्या कडेला बसून खालच्या कुरणावर नजर ठेवत आलोय, तिन्ही वर्षं.

चंद्रपूरची लेक (गनिसन)

ती वही जुलैत तुमच्या खोऱ्यात न्या. त्या कुरणाच्या वरच्या अंगाला एखादा उंचवटा किंवा वाटेचं वळण असेल तर फोटो टाका, कुठं बसायचं ते बघू.