नववीतला मुलगा छातीवरून लाजतोय, भर मे महिन्यात दोन-दोन कपडे घालतोय, काय करू?

कृष्णाकाठची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा चौदा पूर्ण, यंदा नववीत जाईल. आम्ही सांगलीत राहतो, इथं मे महिना लागला की पोरं सकाळी उठून कृष्णेत डुंबायला पळतात आणि आमचं ध्यान तर पाठीला डबा बांधून शिकलं तेव्हापासून पाण्यातच असायचं. यंदा एकदाही गेला नाही. एवढ्या उकाड्यात आत बनियन, वर ढगळा टीशर्ट, आणि तो टीशर्ट पण सारखा चिमटीत धरून छातीपासून पुढं ओढत असतो, चालतो पोक काढून. मला वाटलं आळस. मग घरच्या लग्नात हळदीला सगळे म्हणाले काढ शर्ट, तर हा खोलीत जाऊन कडी लावून बसला. नंतर कळलं की एका पाहुण्यानं सगळ्यांसमोर त्याच्या छातीवरून "बायकी" काहीतरी टोमणा मारला होता. तसा तो अंगानं किडकिडीतच आहे, पण निप्पलखाली फुगल्यासारखं दिसतं, धक्का लागला की दुखतं म्हणतो. आवाज फुटलाय, मिसरूड फुटलंय, पिंपल्स आहेतच. हे नॉर्मल आहे का? डॉक्टर कुठला?

सह्याद्रीचा_वारा
आमच्या वेळी असले लाड नव्हते. रोज पहाटे पळवा, शंभर जोर मारायला लावा, चरबी उतरेल आपोआप.

रेडर_नंबर_सात
वारा साहेब, पोरगं किडकिडीत आहे असं ताईंनी लिहिलंय, कुठली चरबी उतरवताय?
ताई, मला आठवीत झालं होतं हे सेम. कबड्डीची प्रॅक्टिस उघड्या अंगानं असायची आणि मी काय काय बहाणे सांगायचो, आज ताप, उद्या पाय मुरगळला. पोरांच्या चिडवण्याला उलट शिवी देता यायची हो, पण घरात काका जेवताना सगळ्यांसमोर छातीकडं बघून हसायचे तिथं मान खालीच. पुढं उंची सटासट वाढली, खांदे भरले, आणि ते गेलं कधी कळलं पण नाही. त्या पाहुण्याला तेवढं मुलाच्या बाबांनी फोन करून सुनवा, म्हणजे पोराला कळेल की घर आपल्या बाजूला आहे.

बालरोग_कोल्हापूर
मी बालरोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान सांगता येत नाही, पण वर्णनावरून हे गायनेकोमास्टिया वाटतंय, म्हणजे मुलांच्या निप्पलमागची स्तनग्रंथी थोडी वाढणं. वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांना थोडंफार होतं, बहुतेक बारा ते चौदाच्या आसपास. पुरुषाच्या शरीरात पण थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांमध्ये जास्त असणारं हार्मोन, असतंच, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचाच काही भाग त्यात बदलतो, आणि या वयात काही काळ दोन्हींचं प्रमाण मागंपुढं होतं. मग निप्पलच्या मागं रबराच्या चकतीसारखी गाठ लागते, कधी एकाच बाजूला, दाबलं की दुखते. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसते. ती चरबी नसते, त्यामुळे जोर मारून किंवा चिकन बंद करून जात नाही. मुलाला सांगा की सारखं दाबून बघू नको, दुखणं वाढतं.
तरी एकदा दाखवाच. गाठ दगडासारखी कडक असेल, झपाट्यानं वाढत असेल, निप्पलमधून पाणी-रक्त येत असेल, अंडकोषात गाठ किंवा सूज असेल तर थांबू नका. चालू असलेली सगळी औषधं सांगा, काही औषधांनी पण होतं हे. डॉक्टर खालची तपासणी पण करतील, ते मुलाला घरूनच सांगून न्या आणि त्या वेळी आत बाबा हवेत की कोणी नको ते त्यालाच विचारा.
जिमवाल्यांची पावडर नको, काहींमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि त्यानं हेच वाढतं. पिंपल्सना मेडिकलमधून विचारून आणलेली "गोरं करणारी" ट्यूब पण नको, त्यात पण बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, ते वेगळ्या प्रकारचं, पण त्वचेला वाईटच. ऑपरेशनच्या जाहिरातींकडं आत्ता बघू पण नका, वाढ पूर्ण झाल्यावर राहिलंच तर तेव्हाचं तेव्हा.

कृष्णाकाठची_आई
खूप आभार डॉक्टर. काल रात्री ह्यांनी गच्चीवर नेऊन विषय काढला, आधी तासभर नुसतं क्रिकेट आणि मग एकदम म्हणाला, बाबा मला कॅन्सर झालाय का. मोबाईलवर सर्च करून करून त्यानं मनात तेच धरलं होतं, बिचारा एकटाच घाबरत बसला इतके दिवस. ह्यांनी सांगितलं की मला पण नववीत झालं होतं, हे तर लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं! आता यायला तयार आहे, पण ओळखीच्या दवाखान्यात नको म्हणतो.

आरोग्यसेविका_ताई
सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. सिव्हिलला विचारा, तिथं समुपदेशक एकट्याशी बोलतात. लोकांना वाटतं ते फक्त मुलींसाठी, म्हणून मुलगे फिरकतच नाहीत. फारच गप्प राहायला लागला, जेवण-झोप उडाली, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, मराठीत बोलता येतं.

रेडर_नंबर_सात
आणि ताई, पोहायचे पूर्ण बाह्यांचे टीशर्ट मिळतात स्पोर्ट्सच्या दुकानात, गडद रंगाचा घ्या, ओला झाला तरी काही दिसत नाही. सुट्टी संपायच्या आत पाण्यात जाऊ दे त्याला.