पलंग एक, पांघरुणं दोन. तुमच्याकडे कसं?

फटीतली बाई:
लग्नाला अडीच वर्षं झाली. नवरा जर्मन, माणूस सोन्यासारखा. तक्रार आहे ती पलंगाची. पलंग 180 सेंमी रुंद, पण गाद्या दोन, नव्वद-नव्वदच्या. पांघरुणंही ज्याचं त्याचं. मधल्या फटीला इथे चक्क नाव आहे, बेझूखररिट्से, म्हणजे पाहुण्याची फट. पाहुणा कोण, हे सासूबाईंना विचारायचं धाडस झालं नाही.

आता पुढाकार घ्यायचा तर आधी फट ओलांडा, मग अंधारात त्याच्या पांघरुणाची कड चाचपा. ती त्याने अंगाखाली घट्ट खोचलेली! तोवर मूड गार आणि पायही, कारण झोपायच्या आधी खिडकी सताड उघडून हवा खेळवायची हे इथलं व्रत. परवा एवढं सगळं करून पोचले, तर म्हणतो, "थंडी वाजतेय का? कपाटात तिसरं आहे."

आणि हाच माणूस सॉनात शेजारणीच्या बाजूला दिगंबर बसून घराच्या विम्यावर बोलतो! लाज गेली की बाकीचं आपोआप येतं असं मला आपलं वाटायचं. कसलं काय.

तर, तुमच्याकडे "आज जमेल का" हे कळवतात कसं?

तिसरी रेघ:
ताई, तुमच्यात निदान फटच आहे. मी जपानात. इथे आईबाप दोन कडांना आणि पोर मध्ये, अशी झोपायची रीत. तिला 'नदी' म्हणतात, कारण नदीचं अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा. म्हणून लव्ह हॉटेलात लग्न झालेलीही जातात. पाटीवर दर दोन, 'मुक्काम' आणि 'विश्रांती'. खोली फोटोंच्या फलकावर बटण दाबून निवडायची, कुणाचं तोंड बघावं लागत नाही. पोर बहिणीकडे सोडून आम्हीही गेलो एकदा. तीन तास विश्रांती घेतली. अक्षरशः. दोघेही घोरलो.

उगाच अभ्यासू:
2015 च्या एका अभ्यासात 168 संस्कृतींपैकी फक्त 46 टक्क्यांत ओठांचं प्रेमचुंबन सापडलं. पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर मॅलिनॉव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाला दिसलं की प्रेमी जीव एकमेकांच्या पापण्यांचे केस दातांनी कुरतडतात. गोऱ्यांचं चुंबन त्यांना खुळचट वाटे. बघा कुरतडून, निरोप नक्की पोचेल.

फटीतली बाई:
पापणीचं सांगितलं. त्याने आधी उठून खिडकी लावली, मग चष्मा घडी करून ठेवला. फटीतला पाहुणा कोण तेही कळलं. माझा गुडघा.