सरांना नाही म्हटलं. हा माझा निर्णय की नुसता राग?

ऐरोलीकर_क्यूसी:
महापेला एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे. ओलाव्याची टेस्ट म्हणजे सॅम्पल १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवायचं, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतला ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात गार करायचं, वजन करायचं, आणि वजन स्थिर होईपर्यंत हेच पुन्हा. परवा सॅम्पल अजून ओव्हनमध्येच आणि सर म्हणतात, "मागच्या बॅचच्या आसपासचा आकडा टाक, सही कर, खाली गाडी उभी आहे." मी म्हटलं, वजन झाल्यावर करते. सही शेवटी शेजारच्या मुलानं केली. तेव्हापासून सर कामापुरतंच बोलतात.

बाबा म्हणाले, साहेबापुढे तोंड चालवू नये. सायन्स घेतलं ते बाबांनी सांगितलं म्हणून, केमिस्ट्री त्यांनी सांगितली म्हणून, नोकरीसुद्धा त्यांच्या ओळखीनं. त्या संध्याकाळी बसमध्ये वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मी ठरवलं. लगेच शंकाही आली: बाबांवरचा राग सरांवर काढला नाही ना?

निवृत्त_केमिस्ट (नौपाडा):
राग असेल तर असू दे गं. टेस्ट झालेली नव्हती, हे तर खरं ना?
१९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला. पलीकडच्या खोलीतला माणूस ओरडतोय, तरी डगलेवाले सर सांगतात म्हणून विजेचा झटका वाढवत न्यायचा. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. वाईट माणसं नव्हती, तुझ्या शेजारच्या मुलासारखीच असतील. मीही असे ऐकणारे खूप पाहिलेत, दिवाळी बोनसला पहिल्या रांगेत.
एक कर. सॅम्पल ओव्हनमध्ये ठेवल्याची वेळ लॉगबुकात तिथल्या तिथे पेनानं लिहीत जा. भांडायला कागद लागतो.

वाशीची_वाचक:
राग की निर्णय, हे त्या दिवशी कळत नाही, नंतर कळतं. रखमाबाईंचं बघ. अकराव्या वर्षी लग्न, मोठेपणी नांदायला नकार, १८८४ ला नवऱ्याने कोर्टात खेचलं. १८८७ ला हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. नुसता राग इतकी वर्षं पुरत नाही.

उरणचा:
सगळं बरोबर, पण एकटीनं लढायची हौस कशाला? आमच्याकडे जानेवारी १९८४ ला नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी गावंच्या गावं रस्त्यावर उतरली, दि. बा. पाटील पुढे होते. पाच जण गोळीबारात गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली, कुणा एकाच्या बाणेदारपणातून नाही. काकांनी अर्धाच प्रयोग सांगितला. त्याच मिलग्रॅमने नंतर बाजूला दोन नकार देणारे बसवले, तर ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. सही करणाऱ्या पोराशी बोल आधी.

ऐरोलीकर_क्यूसी:
वेळ लिहिलेली आहे काका, पेनानंच. त्या मुलाशी उद्या कँटीनमध्ये बोलते, तोही खूश नव्हताच.
आणि वाचकताई, रखमाबाईंचे सावत्र वडील त्यांच्या बाजूने होते. आमच्या बाबांचं काय करायचं, ते कुणी सांगितलंच नाही :)