इंजिनाचं हेड खोलण्याआधी प्रेशर टेस्ट करा
गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होतंय, खाली थेंबही नाही आणि गॅरेजवाला थेट हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं म्हणतोय? थांबा जरा. गेल्या वर्षी सायनच्या ट्रॅफिकमध्ये माझ्याही गाडीचा तापमानाचा काटा वर गेला होता. मेकॅनिकने थंड इंजिनावर रेडिएटरला हातपंप लावून प्रेशर दिलं, तर वॉटर पंपाच्या बारीक भोकातून हिरवा ओघळ! एरवी तो गरम ब्लॉकवरच सुकायचा.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तरी लगेच घाबरू नका, जवळजवळच्या फेऱ्यांत आपल्या दमट हवेनेही ती धरते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाच्या चहासारखं असेल, तर मात्र गॅस्केटचा संशय खरा. हेड उतरवलंच तर मशीन शॉपमध्ये सपाटी तपासून घ्या, नाहीतर नवं गॅस्केटही जाईल. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका हो!