होमिओपॅथीत गुण कशाचा: दिलेल्या वेळेचा की गोळीचा?

शाहूपुरीची डॉक्टर
एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी केली, असं आमच्याबद्दल सर्रास बोलतात. मी ठरवून गेले. आईची अर्धशिशी कागलच्या एका होमिओपॅथ बाईंच्या औषधानं कमी झाली होती. त्यांनी झोप, तहान, घाम, मनातली भीती, सगळं विचारलं. तसं विचारणारं आईला तोवर कुणी भेटलंच नव्हतं.

आज मीही पहिल्या केसला तासभर देते. होमिओपॅथीचे जनक हानेमान त्यांच्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथाच्या १५३व्या परिच्छेदात सांगतात, त्या माणसातलं वेगळं, विलक्षण लक्षण धरा. दमा दोघांना असतो. एकाचा मध्यरात्रीनंतर वाढतो, जीव घाबरतो, तो घोट घोट पाणी पितो, त्याला आर्सेनिकम हे औषध. दुसरीला बंद खोलीत गुदमरतं, मोकळ्या हवेत बरं वाटतं, तहान नसते, तिला पल्सेटिला. माझ्या मते उपचार तिथंच सुरू होतो.

गारगोटीचा मास्तर
ताई, तुमच्या तासाबद्दल आदरच आहे. माझा आक्षेप गोळीवर आहे. ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं ३० वेळा पातळ करणं. बाराव्या पायरीलाच आपण ॲव्होगॅड्रो संख्येपलीकडं, म्हणजे ठरावीक मापाच्या (एक मोल) द्रव्यात जेवढे रेणू असतात त्या आकड्यापलीकडं जातो, मूळ द्रव्याचा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. पुढच्या १८ पायऱ्यांत काय उरतं? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ साली ६१ आजारांवरचे अभ्यास तपासले. एकाही आजारात होमिओपॅथी चालते असा भरवशाचा पुरावा सापडला नाही.

इचलकरंजीची आई
मास्तर, रेणू तुम्ही मोजा. माझ्या पोराला दर महिन्याला सर्दी-ताप आणि अँटिबायोटिक ठरलेलं. होमिओपॅथी सुरू केली आणि ते थांबलं. आईला दिसतंय ते खोटं कसं म्हणू?

गारगोटीचा मास्तर
वहिनी, पोरगं बरं झालं ते खरंच. पण लहान मुलांची वरचेवरची सर्दी वय वाढेल तशी आपसूक कमी होते. गोळी दिली नसती तर काय झालं असतं, हे एका पोरावरून कळत नाही. त्यासाठीच चाचणीत निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसती साखर देतात.

शाहूपुरीची डॉक्टर
मास्तर, रेणूंचं उत्तर माझ्याकडं नाही आणि मी ते रचणारही नाही. पण अशा चाचण्यांत बहुतेक वेळा एका आजाराला सगळ्यांना एकच औषध देतात. आम्ही तसं देत नाही. आणि शिरोलीच्या फाउंड्रीतला माणूस खोकला घेऊन आला, तर मी आधी त्याला छातीच्या फोटोला आणि थुंकी तपासायला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात धाडते. तिथल्या वाळूच्या धुळीनं फुप्फुस खराब होतं, टीबीही असू शकतो. दम्याचा पंप मी कुणाचाही बंद करत नाही.

गारगोटीचा मास्तर
माणसागणिक औषध निवडूनही चाचण्या झाल्यात ताई, त्यांतूनही ठाम काही हाती आलेलं नाही. पण पंप बंद करायचा नाही, हे केसपेपरवर मराठीत, ठळक लिहून देता का? आमच्या गावात गोळ्या सुरू झाल्या की माणसं पंप फडताळात टाकतात.

शाहूपुरीची डॉक्टर
तोंडी सांगते. उद्यापासून लिहूनही देईन. गोळी मात्र देत राहणार.