'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यांना मराठीत काय म्हणाल?

नमस्कार. एका रिकाम्या जागेसाठी शब्द हवा आहे. जागा खरोखरच रिकामी आहे, दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर. पेन्सिलीने लिहून इतक्यांदा खोडलंय की तिथला कागद झिरझिरीत झालाय.

आम्ही पाच जण ठाण्यात एस.वाय.ला आहोत. तीन मुली, दोन मुलगे. एक मैत्रीण नेरूळहून, एक ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने येते, बाकीचे ठाण्यातलेच. मिळून एक हस्तलिखित काढतोय. विषय एकच ठेवायचा असं आधी वाटत होतं, पण तलावपाळीच्या कट्ट्यावर तीन संध्याकाळी घालवूनही तो सापडेना. नेरूळच्या मैत्रिणीला तिथल्या पाणथळीवर येणारे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, कधी येतात नि कधी जातात ते टिपायचंय. ऐरोलीची मैत्रीण आजीला विचारून आगरी पदार्थ लिहून घेतेय, सुरुवात निवट्यांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांच्या कालवणापासून. एक जण ठाण्यातल्या तळ्यांची नावं जमवतोय: मासुंदा, कचराळी, आंबेघोसाळे, रायलादेवी. एकाला बुद्धिबळ सोडून काही सुचत नाही. मला शब्द आवडतात. शेवटी ठरलं की वही सामाईक, विषय ज्याचा त्याचा.

आता 'आमच्याविषयी'चं पहिलं वाक्य: "आम्ही पाच ______." पुढे काय करायचं ते अजून न ठरवलेले, हे एका शब्दात सांगायचंय. 'अनिश्चित' लिहिलं तर पावसाचा अंदाज वाटतो. 'द्विधा'त वाटा दोनच. 'गोंधळलेले' खोटं होईल, कारण आम्ही गोंधळलेलो नाही, मजेत आहोत. 'धरसोड' घरोघरी ऐकू येतो, पण त्यात धरण्यापेक्षा सोडण्याचाच आवाज मोठा. २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर-मायनर विषय निवडावे लागतात, आणि मायनरला मराठीत 'गौण' म्हणतात. ज्या मुलीने पहाटे पाचला उठून गुडघाभर चिखलात उभं राहून पक्षी मोजले, तिची आवड गौण? मला हे मनापासून लागतं. ज्यात अपमान नाही असा शब्द आपल्याकडे आहे का?

कोपरीहून

'तळ्यात-मळ्यात' लिहा. ठाण्याच्या पोरांना तळं हवंच.

प्रश्न विचारणारी

काका, मलाही आधी तोच सुचला होता. पण खेळ आठवून बघा. आम्ही रेघेपाशी उभे राहायचो, ताई 'तळ्यात' म्हणाली की उडी पुढे, 'मळ्यात' म्हणाली की मागे, आणि चुकला तो बाद. ठरवणारी बाहेर उभी, उड्या मात्र आपल्या. पुष्कळांचं तसंच होतं हे खरं. पण आम्ही ठरवलेलं नाही, ते आमचं आम्हीच.

नौपाड्यातून, निवृत्त मराठी शिक्षिका

बाळ, आधी आवडीच्या शब्दांकडे बघ. मराठीने आवडीकडे बरेचदा संशयाने पाहिलंय. 'छंद' घे. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, आणि कवितेच्या वृत्तालाही छंदच म्हणतात. स्वच्छंद म्हणजे आपल्या इच्छेने वागणारा. आज छंद म्हटलं की पोस्टाची तिकिटं आठवतात, पण माझ्या आईच्या तोंडी 'छंदीफंदी' म्हणजे वाया गेलेला मुलगा. 'नाद' मूळचा आवाज. मराठीत माणूस कुणाच्या नादी लागला की बिघडलाच म्हणून समजा, आणि कोल्हापूरकडे त्याच नादाचा 'नाद खुळा' होतो आणि पाठीवर थाप पडते.

'हौस' तर फार लांबून आली, अरबी-फारसीतल्या 'हवस'वरून. हिंदीत त्या शब्दाला अजून वासनेचा वास आहे. आपल्याकडे तो इतका निवळला की डोहाळजेवण हौसेने करतात, आणि 'हौशी' नट म्हणजे पैशासाठी नव्हे, जीव लागला म्हणून रंगमंचावर उभा राहणारा. 'व्यासंग' उलट दिशेने चढला. संस्कृतात त्याचा अर्थ कशात तरी गुंतून पडणं, अगदी चित्त विचलित होईपर्यंत. मराठीत तो विद्वानांच्या खांद्यावरची शाल झाला.

पण या चौघांतला एकही तुमच्या कामाचा नाही, कारण चौघांतही जीव आधीच कशात तरी गुंतलेला आहे. तुम्हाला गुंतण्याच्या जरा आधीचा शब्द हवाय.

नेरूळहून, एका मुलीचा बाबा

बाईंनी 'कल' घेतला नाही म्हणून लिहितो. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी होत होती. सात क्षेत्रं होती: कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा वगैरे. माझ्या मुलीच्या अहवालात तीन क्षेत्रांचे गुण जवळजवळ सारखे आले. आम्ही दोघं नवरा-बायको तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून बसलो होतो, जणू काही तरी वाईट बातमी आली आहे. ती बिचारी भात चिवडत होती.

आता शब्दाकडे बघतो तर कलणं म्हणजे नुसतं झुकणं. दुपार टळली की सूर्य कलतो, तो अजून मावळलेला नसतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी कल येतात आणि निकाल नंतर लागतो, मधल्या वेळात किती उलथापालथ होते ते सगळेच बघतात. आम्ही तिच्या कलालाच निकाल समजलो. मुलांनो, 'कल' तुमच्या वाक्यात बसणार नाही, पण तो तुमच्या आईबाबांना समजावून सांगा.

ऐरोलीहून

आमच्याकडे 'कल' कोणी विचारत नाही, 'लाइन' विचारतात. "कुठल्या लायनीला गेला पोरगा?" शब्द रेल्वेचा असो वा रांगेचा, एकदा लागलं की मधे उतरायचं नाही हे त्यात आलंच. तुमच्या मैत्रिणी रोज ठाण्याला लाइन बदलणाऱ्या गर्दीतून वाट काढतात, त्यांना विचारा तिथं किती माणसं असतात.

डोंबिवलीहून

हरहुन्नरी? अष्टपैलू?

प्रश्न विचारणारी

हे दोन्ही शब्द दुसऱ्याने आपल्याला द्यायचे असतात. आणि त्यांत सगळं येत असल्याचा दावा आहे. आम्हाला अजून काहीच नीट येत नाही, बुद्धिबळवाला सोडून.

कळव्याहून

माझी आजी जत्रेच्या माणसांचे तीन प्रकार सांगायची: हौशे, नवशे, गवशे. हौशे मजेखातर येतात. नवशे नवस फेडायला. आणि गवशे, काही गवसतं का ते बघायला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातही तिन्ही भेटतात. नवशे सगळ्यात जास्त, फक्त नवस त्यांनी केलेला नसतो, घरच्यांनी बोललेला असतो आणि फेडायचा मुलांनी. तुम्ही मला गवशे वाटता.

ठाणे, चरई

अहो, असं काही करू नका! गवशे म्हणजे जत्रेतले खिसेकापू, फुकटचं काही हाती लागतं का बघणारे. सभेला गर्दी जमली की वर्तमानपत्रवाले हेटाळणीने लिहितात, 'हौशे-नवशे-गवशे सगळेच आले होते.' मुलं कौतुकाने वही काढतायत आणि पहिल्याच पानावर स्वतःला हे म्हणवून घेणार? वाचणाऱ्याला हसूच येईल.

नौपाड्यातून, निवृत्त मराठी शिक्षिका

चरईच्या ताईंचं म्हणणं बरोबर आहे, शब्दाला तो वास आहे. पण वास उडतात. 'साहस' बघा. जुन्या धर्मशास्त्रात साहस हा गुन्हा होता, बळजबरी, मारहाण, लूट त्यात यायची. आज आपण लहान मुलांच्या शिबिराला साहस शिबिर म्हणतो आणि पैसे भरून पाठवतो.

आणि 'गवसणं' हे क्रियापद मला मराठीतल्या फार सुंदर क्रियापदांपैकी एक वाटतं. त्याचं नातं 'गवेषण'शी लावतात. गवेषण म्हणजे शोध, मुळात गाईंचा शोध. किल्ली सापडते, चोर सापडतो, माणूस संकटातही सापडतो. पण सूर गवसतो. मालिकाभर चाचपडलेल्या फलंदाजाला शेवटच्या सामन्यात सूर गवसला असं आपण म्हणतो, सूर सापडला म्हटलं तर कानाला खटकतं. आणखी एक बघा. 'मी शोधलं' यात कर्ता मी. 'मला गवसलं' यात मी बाजूला, गवसणारी गोष्ट आपल्या पावलांनी येते. पण ती घरी बसलेल्याकडे येत नाही, शोधत फिरणाऱ्यालाच गवसते. मुलांचं हेच तर चाललंय. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, दरवर्षी वर्गात अशी चार-दोन असायची. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'एकाग्रतेचा अभाव' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. तेव्हा हा शब्द माझ्याजवळ असता तर बरं झालं असतं.

ठाणे, चरई

सुराचं पटलं. मग लिहा, पण खाली अर्थही लिहा.

प्रश्न विचारणारी

बाई, तुमचं उत्तर आम्ही काल कट्ट्यावर मोठ्याने वाचलं. तळ्यांची नावं जमवणारा म्हणाला, त्याला आंबेघोसाळे हे नाव असंच गवसलं होतं, बस चुकली आणि चालत जावं लागलं तेव्हा.

एकच अडलं. नेरूळची मैत्रीण विचारते, आम्ही तिघी मुली असताना 'गवशे' का?

नौपाड्यातून, निवृत्त मराठी शिक्षिका

तिला शाबासकी दे. गवशा, गवशे हे पुल्लिंगी धरलं तर तसं होतं. पण मुलगे-मुली एकत्र असले की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन वापरते: 'ती पाचही शहाणी आहेत', 'सगळी दमली'. तेव्हा मिश्र गटाला 'गवशी' चालेल. म्हणीत मात्र 'हौशे-नवशे-गवशे' तसंच राहू दे, तिची लय मोडू नका.

प्रश्न विचारणारी

लिहिलं. "आम्ही पाच गवशी." खाली बारीक अक्षरात अर्थ. या वेळी शाईने लिहिलंय, पण तिथला कागद खोडून पातळ झाल्यामुळे शाई मागे उतरली. मागच्या पानावर आजीच्या निवट्यांच्या कालवणाची पहिली ओळ आहे, 'निवट्या राखेत चोळून घ्याव्या.' तेवढी एक ओळ ऐरोलीची मैत्रीण उद्या पुन्हा लिहिणार आहे.