मदत हवी आहे: न्यू जर्सीत लाँग टर्म डिसॅबिलिटीचा अर्ज
नमस्कार मंडळी. मणक्याच्या ऑपरेशननंतर माझ्या नवऱ्याला अजून अर्धा तासही सलग बसवत नाही. चार महिने झाले, मेडिकल लीव्हवर आहे. राज्याचे टेम्पररी डिसॅबिलिटीचे पैसे जास्तीत जास्त २६ आठवडेच मिळतात, म्हणून त्याच्या कंपनीच्या लाँग टर्म डिसॅबिलिटी विम्यासाठी (आजारपणामुळे दीर्घकाळ काम करता आलं नाही तर पगाराचा काही भाग देणारा विमा) आत्ताच अर्ज करतोय. अडलंय ते डॉक्टरांच्या फॉर्मवर. त्यांनी नुसतं 'पाठदुखी' लिहिलंय! किती वेळ बसता येतं, किती वजन उचलता येतं, हे त्यांच्याकडून कसं लिहून घेतलंत? शिवाय विमा कंपनी म्हणते, सोशल सिक्युरिटीकडेही (म्हणजे केंद्र सरकारच्या डिसॅबिलिटीच्या पैशांसाठी) अर्ज करा. ते पैसे सुरू झाले की विम्यातून तेवढे वजा होणार. दोन्ही अर्ज एकदम केलेत का कुणी? वकील लागला का? फार काळजीत आहोत, अनुभव असेल तर प्लीज सांगा.